शून्याची किंमत छापा

गेल्या महिन्यात बंगळुरूहून एका तरुणाचा फोन आला. त्याचे वडील आणि मी एके काळी एकाच जिल्ह्यात नोकरीला होतो, त्यामुळे तो मला काका म्हणतो. कार्यालयातील सहा-सात मित्र मिळून गोव्याला निघाले होते आणि त्यांतील एका रात्रीचा कार्यक्रम मांडवी नदीतील कॅसिनोच्या जहाजावर ठरला होता. "काका, तुम्ही इतकी वर्षं महसुलात काढलीत. रूलेट कसं खेळायचं ते तुम्हाला माहीत असेलच," असे तो हसत म्हणाला. महसूल आणि रूलेट यांची सांगड त्याने थट्टेने घातली होती. ती सांगड खरीच आहे, आणि बरीच घट्ट आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते.

मी त्याला "जाऊ नकोस" असे सांगितले नाही. कमावत्या मुलाला असे सांगून उपयोग नसतो, आणि तो माझा अधिकारही नव्हे. मी त्याला खेळ समजावून सांगितला. मात्र प्रत्येक पैजेबरोबर तिची किंमतही सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "पण काका, हे तिथे लिहिलेलं का नसतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि ज्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे त्या शासनाबद्दल आहे.

प्रथम खेळ पाहू. टेबलाच्या एका टोकाला चाक असते. अमेरिकन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात त्या चाकाला ३८ खण असतात. १ ते ३६ या आकड्यांपैकी १८ लाल व १८ काळे, आणि त्यांखेरीज शून्य व दुहेरी शून्य हे दोन हिरवे खण. युरोपीय चाकात शून्य एकच असते, म्हणजे खण ३७. चाकाशेजारच्या कापडावर हेच आकडे तीन उभ्या स्तंभांत आणि बारा आडव्या ओळींत मांडलेले असतात. खेळाडू पैसे देऊन चिप्स घेतो. प्रत्येकाच्या चिप्सचा रंग निराळा असतो, म्हणजे कोणाची पैज कोणती याचा घोळ होत नाही. डीलर चाक एका दिशेने फिरवतो व गोटी उलट दिशेने सोडतो. गोटीचा वेग मंदावू लागला की तो पैजा बंद झाल्याचे जाहीर करतो. त्यानंतर कापडावर हात न्यायचा नाही. गोटी ज्या खणात विसावते त्या आकड्यावर तो खूण ठेवतो, हरलेल्या चिप्स ओढून घेतो आणि जिंकलेल्यांना त्यांचे पैसे देतो.

आता पैजा. एकाच आकड्यावर लावलेली पैज जिंकली तर ३५ पट मिळतात. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर चिप ठेवली तर १७ पट, तीन आकड्यांच्या आडव्या ओळीवर ११ पट, चार आकडे जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ८ पट आणि शेजारशेजारच्या दोन ओळींवर, म्हणजे सहा आकड्यांवर, ५ पट. या झाल्या आतल्या पैजा. बाहेरच्या चौकटींत बारा आकड्यांच्या गटावर किंवा उभ्या स्तंभावर दोन पट मिळतात. लाल की काळा, सम की विषम, पहिले अठरा की नंतरचे अठरा, या पैजांवर जितके लावले तितकेच मिळतात. प्रत्येक वेळी मूळ पैज परत मिळते ती वेगळी. गोटी हिरव्या खणात पडली तर बाहेरच्या या सगळ्या पैजा हरतात. इतके कळले की खेळ आला. शिकायला दहा मिनिटे पुरतात; त्याच्या लोकप्रियतेचे हे एक कारण आहे.

आता मी त्या मुलाला जो हिशेब करायला लावला तो वाचकांनीही करून पाहावा. समजा, तुम्ही दोन शून्यांच्या चाकावर ३८ च्या ३८ खणांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. हरणे अशक्य, कारण कोणता तरी आकडा येणारच. लावले ३,८०० रुपये. जिंकलेल्या आकड्याचे ३५ पट म्हणजे ३,५०० आणि मूळचे १०० मिळून हाती आले ३,६००. नशिबाला कोठेही वाव न ठेवता २०० रुपये गेले. हे प्रमाण शेकडा ५.२६ पडते. एकाच शून्याच्या चाकावर हाच प्रयोग केला तर ३,७०० लावून ३,६०० मिळतात. तोटा शेकडा २.७०. याचे मर्म साधे आहे. पैशांचा दर ३६ खणांच्या हिशेबाने ठरवला आहे आणि खण मात्र ३७ किंवा ३८ आहेत. शून्य हा जास्तीचा खण म्हणजे मालकाचे कमिशन.

दोन शून्यांच्या टेबलावर एक पैज तर त्याहूनही महाग आहे. शून्य, दुहेरी शून्य, १, २ आणि ३ या पाच आकड्यांवर एकत्र पैज लावता येते व तिचे ६ पट मिळतात. इतर पैजांच्या प्रमाणात ते ६.२ पट असायला हवे होते. पूर्णांक करताना वरचा अंश मालकाच्या बाजूला गेला आणि तोटा शेकडा ७.८९ झाला. बाकी कोणतीही पैज घ्या, एका आकड्यावर लावा किंवा लाल रंगावर, त्या चाकावर दर तोच शेकडा ५.२६ आहे. "सुरक्षित खेळायचे असेल तर रंगावर लावा" हा अनुभवी मंडळींचा सल्ला म्हणूनच फसवा आहे. रंगावर लावल्याने पैसे हळू हलतात, स्वस्त होत नाहीत.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे हरलात की पैज दुप्पट करा. १०० पासून सुरुवात करा, हरलात तर २००, मग ४००. कधी तरी जिंकालच आणि १०० रुपये पदरात पडतील. एखाद्याची तयारी लागोपाठ आठ वेळा हरण्यापर्यंतची आहे असे धरू. आठही वेळा हरल्यास २५,५०० रुपये गेलेले असतात. दोन शून्यांच्या चाकावर रंगाची पैज लागोपाठ आठदा हरण्याची शक्यता साधारण १७० मध्ये एक. म्हणजे सरासरीने १६९ वेळा शंभर-शंभर मिळवून झालेली कमाई १६,९००, आणि एका फटक्यात गेले २५,५००. नवव्या वेळी २५,६०० लावून पाहू म्हणाल, तर टेबलाला कमाल पैजेची मर्यादा असते, आणि खिशालाही असते. चाकाला मागचे काही आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंते कार्लोच्या एका टेबलावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला आणि आता तरी लाल येईलच म्हणून पैजा वाढवत गेलेल्यांची मोठी हानी झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सत्ताविसाव्या वेळीही लाल आणि काळा यांच्या शक्यता पहिल्या वेळेइतक्याच होत्या.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे गणित खरे, पण माझा मेहुणा तर जिंकून आला! आला असेल, आणि तो खोटे बोलत नाही. कोणी एका रात्रीत १६० वेळा रंगावर १००-१०० रुपये लावले, तर त्याचा अपेक्षित तोटा सुमारे ८४२ रुपये; तरीही नशिबाच्या चढउतारामुळे साधारण चारांतील एक जण फायद्यात राहून घरी परततो. तो एक जण परत आल्यावर मित्रांना सांगतो; उरलेले तिघे जेवण छान होते असे सांगतात. कॅसिनोची खरी जाहिरात हा चौथा माणूस करतो, आणि तीही फुकट. मात्र अशाच दहा रात्री खेळणाऱ्यांपैकी अखेर फायद्यात राहणारे शंभरांत दोनही नसतात. एका रात्रीचा अनुभव माणसाला चाकाची किंमत सांगू शकत नाही. म्हणून ती दुसऱ्या कोणी तरी सांगायला हवी.

शून्याची किंमत ग्राहकाला कळली की काय होते याचा दाखला इतिहासात आहे. १८४३ साली फ्रांस्वा ब्लां आणि त्याचा भाऊ लुई यांनी जर्मनीतील होम्बुर्ग येथे एकाच शून्याचे चाक आणले. पॅरिसच्या गिऱ्हाइकांना ओढण्यासाठी त्यांनी आपले कमिशन कमी केले होते, आणि गिऱ्हाईक आले. १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लांने मोंते कार्लोचा कारभार हाती घेतला व तेथेही एक शून्य रूढ झाले. आज उलटी गंगा वाहते आहे. २०१६ पासून लास वेगासमध्ये तीन शून्यांची चाके दिसू लागली. त्यांत खण ३९ आणि तोटा शेकडा ७.६९. खेळ तोच, कापड तेच, गोटी तीच. दर मात्र युरोपीय चाकाच्या जवळजवळ तिप्पट. दरफलकच नसल्यामुळे गिऱ्हाइकाला तो वाढलेला कळत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर पैज व जुगार हा विषय आहे. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे स्पष्ट केले. याचा प्रशासकीय अर्थ असा की, कॅसिनो चालवणे हा कोणाचा हक्क नाही. राज्य देईल त्या परवान्यावर आणि घालील त्या अटींवर तो चालतो. गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. त्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलाचे खेळ यांना वाट करून देण्यात आली. समुद्रातील म्हणून ज्या जहाजांना मुभा मिळाली ती पणजीसमोर नदीत नांगरून उभी आहेत, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला होता. तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला.

फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळण्यास बंदी केली. निर्णय गोवेकरांच्या हिताचा असेल, मला त्यावर आक्षेप नाही. परंतु त्यातून निघणारा अर्थ आपण, गोव्याबाहेरच्या मराठी माणसांनी, नीट वाचायला हवा. जो पदार्थ घरच्या मुलांना देण्याजोगा नाही असे घरमालक स्वतःच म्हणतो, तोच पाहुण्यांच्या पानात वाढला जातो. मोनाकोचे नागरिक मोनाकोच्या कॅसिनोत खेळू शकत नाहीत, नेपाळचे नागरिक नेपाळच्या. सिंगापूरने आपल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना प्रवेशासाठी २०१० पासून १०० डॉलर व २०१९ पासून १५० डॉलर दिवसाचे शुल्क लावले. परदेशी पाहुण्याला मात्र प्रवेश मोफत. इतक्या दूरदूरच्या राज्यकर्त्यांनी एकच नियम करावा हा योगायोग नव्हे. या वस्तूची किंमत शासनांना पुरेपूर ठाऊक आहे. ती फक्त गिऱ्हाइकाला सांगितली जात नाही, आणि हे गिऱ्हाईक पुण्याचे, बेळगावचे, हुबळीचे, बडोद्याचे, बंगळुरूचे आहे.

करांकडे पाहिले तर शासनाची भूमिका आणखी अवघड होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा ४० झाला. हा कर खेळाडूने भरला किंवा चालकाने सोसला तरी गोटी फिरण्यापूर्वीच शासनाचा वाटा निश्चित झालेला असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्ष आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, फासे सरकारी असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याला मिळावेत, अशी ती व्यवस्था. दर सर्वांना माहीत होता आणि तो जिंकणाऱ्याकडून घेतला जात असे. आपली आजची व्यवस्था हरणाऱ्याकडून आधी घेते. शकुनीचे फासे खोटे होते असे आपण मानतो; येथे चाक खोटे नाही, डीलरही लबाड नाही. लपवलेला आहे तो दर, आणि त्या लपवण्यात परवाना देणारा भागीदार आहे.

शासन जुगाराच्या बाबतीत कठोर होऊच शकत नाही असेही नाही. पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना मनाई करणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादही त्याने बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला. म्हणजे तेच चाक मोबाईलच्या पडद्यावर फिरले तर गुन्हा, आणि मांडवीच्या पाण्यावर फिरले तर पर्यटन. दोन्ही भूमिका एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

यावर मिळणारी उत्तरे मी फायलींच्या समासांत पुष्कळदा वाचली आहेत. पहिले उत्तर रोजगाराचे. रोजगार खरा आहे. पण ज्या धंद्याचा रोजगार गिऱ्हाइकाला दर न कळण्यावर टिकतो, तो दर कळल्यावर टिकणार नसेल तर दोष दरफलकाचा नव्हे. दुसरे उत्तर स्वातंत्र्याचे. सज्ञान माणूस स्वतःच्या पैशांचे काय करतो याच्याशी शासनाला काय देणेघेणे? मान्य. मात्र स्वातंत्र्य म्हणजे जाणून केलेली निवड. आकडा झाकून ठेवायचा आणि निवडीचा गौरव करायचा, हे बरे नव्हे. तिसरे उत्तर असे की बंदी घातली तर जुगार भूमिगत होईल. हे मला इतर कोणी सांगण्याची गरज नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत १८६७ च्या जुगार कायद्याखालची प्रकरणे मी पाहिली आहेत. पंचनाम्यात एक चटई, पत्त्यांचे दोन जोड आणि काही शे रुपये, दंड शंभर-दोनशे, आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे दुसऱ्या चटईवर. म्हणूनच मी बंदी मागत नाही. मी मागतो ती छापील किंमत.

बिस्किटांच्या पाच रुपयांच्या पुड्यावर वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली नसेल तर आमचा वैधमापन निरीक्षक दुकानदारावर खटला भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने किरकोळ कर्ज घेणाऱ्याला वार्षिक टक्केवारीचा खरा दर एका तक्त्यात द्यावा लागतो. सर्वांत बोलका दाखला सेबीचा आहे. शेअर बाजारातील वायदे व्यवहारांत दहापैकी नऊ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा होतो, हे वाक्य जुलै २०२३ पासून दलालांना ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवावे लागते. तेथे आकडा अभ्यास करून काढावा लागला. रूलेटमध्ये तर अभ्यासही नको. पाचवीतला मुलगा भागाकाराने तो काढून देईल. मग परवान्याच्या अटींत तो का नसावा?

माझ्या सूचना चारच आहेत. पहिली, प्रत्येक टेबलावर, खेळाडूच्या बाजूला, इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी व कन्नड भाषांत ठळक फलक असावा: "या चाकावर लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी ५ रुपये २६ पैसे परत मिळत नाहीत." एका शून्याच्या टेबलावर त्याचा आकडा, पाच आकड्यांच्या पैजेचा आकडा वेगळा. दुसरी, बाहेर पडताना प्रत्येकाला पावती मिळावी: किती रुपयांच्या चिप्स घेतल्या, किती परत केल्या, कर किती. घरी परतल्यावर मेहुण्याची गोष्ट या पावतीशी ताडून पाहता येईल. तिसरी, आत शिरतानाच त्या रात्रीची कमाल रक्कम खेळाडूने लिहून द्यावी आणि नंतर ती वाढवता येऊ नये. चौथी, सर्व परवानाधारकांनी खेळाडूंकडून घेतलेली व त्यांना परत दिलेली एकूण रक्कम राज्याने दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावी. यांपैकी बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अट म्हणून चार परिच्छेद जोडले की पुरे. मी असे परिच्छेद आयुष्यभर लिहिले आहेत. त्याला एक दुपार लागते.

आणि ज्या शासनाला हा फलक लावल्यास महसूल बुडेल अशी भीती वाटते, त्याने ती भीती एका ओळीत फाइलवर लिहून ठेवावी. मग निदान नोंदीत तरी येईल की हा महसूल लोकांच्या हौसेतून येत नव्हता, त्यांच्या अज्ञानातून येत होता.

त्या मुलाचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. तो जहाजावर गेला होता. दोन हजार रुपये वेगळे काढून ठेवले होते, ते संपल्यावर डेकवर जाऊन बसला. त्याच्या मित्रांपैकी एक चार हजार जिंकला. दुसरा किती हरला हे अजून कोणाला सांगत नाही. "काका, टेबलावर बसल्यावर मी शेजारच्या माणसाला सांगितलं की हिरव्या दोन खणांमुळे शंभराला सव्वापाच रुपये जातात," तो म्हणाला. "त्याला वाटलं मी कॅसिनोचा माणूस आहे. म्हणाला, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

आधी सांगायला हवे होते, हे खरेच. पण ते काम त्या मुलाचे नव्हते.